वंशावळीत मी कुठे?

आमच्या घरी सध्या संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद असतो. लेक पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे मैदानावर ८०० मीटर धावण्याचा सराव, दुपारी अभ्यासिका आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर वही उघडून बसायचं. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू, इकडे माझ्या भाकऱ्या चालू आणि मधे तिची गणितं. भिवंडीत वाढलेल्या पोरांना शांतता लागत नाही, हे एक बरं आहे.

लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. अंकगणित, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी. त्यातच 'नातेसंबंध' नावाचा एक घटक असतो. परवा तिनं सहज विचारलं, "आई, एक मुलगा फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून म्हणतो, हिच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील. तर ती बाई त्याची कोण?"

"आत्या," मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाले. तिनं मागचं उत्तर पाहिलं. बरोबर!

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला एकदम भारी वाटलं. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं. बुद्धिमत्ता म्हणजे आपल्या वाटेला न आलेली गोष्ट, असंच मी धरून चालले होते. पण लग्नाच्या मांडवात कोण कुणाची चुलत जाऊ, कुणाच्या मावस नणंदेचा मुलगा कुणाचा साडू झाला, हे आपण कागद-पेन न घेता सांगतो की नाही? आहेराची यादी करताना तर सगळं खानदान डोळ्यांसमोर उभं राहतं. तेच ज्ञान चाचणीत आलं की त्याला गुण मिळतात.

माझी ऐट मात्र पाचच मिनिटं टिकली. तिनं पुढचं पान उलटलं. तिथे नाती सांकेतिक भाषेत होती. म्हणजे असं की, '+' म्हणजे वडील, '×' म्हणजे आई, '−' म्हणजे भाऊ आणि '÷' म्हणजे बहीण. आता 'क × ख − ग ÷ घ' असेल, तर घ हे क चं कोण?

मी हळूहळू वाचलं. क ही ख ची आई. ख हा ग चा भाऊ. ग ही घ ची बहीण. म्हणजे तिन्ही भावंडं, आणि क त्यांची आई. "घ मुलगा!" मी सांगून टाकलं.

"चूक. ख भाऊ आहे म्हणून तो मुलगा. ग बहीण आहे म्हणून ती मुलगी. पण घ मुलगा की मुलगी हे कुठे दिलंय? उत्तर आहे 'निश्चित सांगता येत नाही'. तू मुलगा गृहीत धरलंस, आई."

काय गंमत आहे पहा. आपल्या बोलण्यात 'हा' आणि 'ही', 'गेला' आणि 'गेली' असल्यामुळे माणूस पुरुष की बाई ते आपोआप कळतं. या चिन्हांमध्ये ते लपवलेलं असतं, आणि परीक्षार्थी तिथेच फसतात. नाव कळलं नाही, लिंग कळलं नाही, की आपलं मन पटकन 'मुलगा' म्हणून मोकळं होतं. माझंही झालंच ना!

मग तिनं मला रीत शिकवली. तुमच्याही घरी कुणी परीक्षा देत असेल, म्हणून सांगते. चिन्हं डोक्यात सोडवत बसायचं नाही, आकृती काढायची. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. माहीत नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह. नवरा-बायकोमध्ये दोन आडव्या रेघा, भावंडांमध्ये एक. आई-बाप वरच्या ओळीत, मुलं खालच्या ओळीत, मधे उभी रेघ. सगळी माणसं मांडून झाली की मगच प्रश्न वाचायचा आणि कुणाचं कोण विचारलंय ते नीट बघायचं. कारण 'क ही ग ची कोण' आणि 'ग ही क ची कोण' यांची उत्तरं वेगळी असतात. आत्या आणि भाची यांत घाई करून चालत नाही.

एक चिन्ह बदललं तरी नातं बदलतं. 'क ÷ ख + ग' म्हणजे क ही ग च्या वडिलांची बहीण, म्हणून आत्या. त्यातलं '+' काढून '×' केलं की ती आईची बहीण झाली, म्हणजे मावशी. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना दोन्हीकडे 'आंटी' एवढंच लिहायचं असतं. 'सिस्टर-इन-लॉ' म्हटलं तर नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, कुणीही असू शकते. आपल्याकडे प्रत्येकीला वेगळा शब्द आहे, कारण प्रत्येकीचा मान वेगळा, रुसवा वेगळा! इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यांच्या रचनेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रांतात कुणाला काय म्हणतात, यावरून तिथली कुटुंबं कशी बांधली गेली ते त्यांनी उलगडून दाखवलं. आपल्या आज्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे होती. अशा लग्नात मुलीची सासू तिची सख्खी आत्याच असायची. म्हणजे एका शब्दात केवढा इतिहास दडलेला असतो!

हे सगळं मी कौतुकानंच लिहिलं असतं आणि थांबले असते. पण त्याच आठवड्यात दादा घरी आला.

माझं माहेर भिवंडी तालुक्यातल्याच एका गावात. आमच्या लहानपणी तिथे भातशेती होती. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं झाली आहेत. मुंबईत घरपोच येणारा कितीतरी माल आधी आमच्या तालुक्यात येऊन पडतो. त्यामुळे ज्या खाचरात आम्ही चिखलात लावणी केली, त्याला सोन्याचा भाव आला. वडील जाऊन काही वर्षं झाली, वारस नोंद राहिली होती. दादानं त्यासाठी कागद तयार करून आणले होते. चहा झाल्यावर त्यानं माझ्यापुढे एक वंशावळ ठेवली. "ताईचं आणि तुझं नाव घातलं नाही गं. लग्न झालेल्या मुलींची नावं घातली की प्रत्येक वेळी सह्यांना खेपा. तुलाच त्रास."

मी काही बोलायच्या आत लेकीनं कागद हातात घेतला. हल्ली तिला कुठलीही आकृती दिसली की पेन्सिल शोधायची सवय झालीय. वर पणजोबा, खाली आजोबा, खाली बाबा, त्यांच्या खाली दोन चौकोन. दादा आणि धाकटा. तिनं सरळपणे विचारलं, "मामा, याप्रमाणे आई तुमची कोण?"

दादा हसला. मग गप्प झाला. मीही गप्पच होते. त्या कागदाप्रमाणे मी त्याची कोणीच नव्हते.

दादा वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. माझ्या बाळंतपणात रात्री रिक्षा घेऊन धावत आला होता तो. भाऊबीज त्यानं एकदाही चुकवलेली नाही. त्याच्या मनात कपट होतं, असं मला आजही वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ अशीच काढत आले, तशी त्यानंही काढली. मी 'घ'ला मुलगा ठरवून टाकलं होतं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की माझ्या चुकीनं एक गुण गेला असता.

म्हणून काही गोष्टी आपल्याला ठाऊक हव्यात. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. आधीच रीतसर वाटप झालेलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. माझी एक मुस्लीम मैत्रीण सांगते, त्यांच्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा ठरलेला आहे, पण मागायला गेलं की तिथेही माहेर रुसतं! आणि वंशावळ ही प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

'मग काय, भावाशी भांडायचं?' असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार. मीही स्वतःला रात्रभर तेच विचारलं. माहेरचा उंबरा तुटला तर आपल्याला काय उरतं, ही भीती आपल्या सगळ्यांना आहे. पण हिस्सा सोडणं आणि नाव पुसलं जाणं यांत फरक आहे. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. वाचून, समजून, आपल्या मर्जीनं. तो तिचा निर्णय. पण सोडायलाही आधी नाव कागदावर असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, आधी आम्हा दोघी बहिणींची नावं घाल. सह्यांना मी हव्या तितक्या खेपा घालीन. हिश्श्याचं काय करायचं, ते आपण चौघं भावंडं बसून बोलू." तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बघतो." वहिनीनं त्यानंतर फोन केलेला नाही. नवी वंशावळ अजून आलेली नाही. काय होईल ते होईल.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरी वंशावळ लिहिलेला एखादा कागद असेलच. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी, वारस नोंदीसाठी कधीतरी काढलेला. तो एकदा काढून बघा. त्यात किती गोल आहेत ते मोजा. तुमचा आहे का? तुमच्या नणंदेचा आहे का? हो, नणंदेचाही बघायचा, कारण तिच्या माहेरचा कागद आपल्याच कपाटात असतो.

लेकीची परीक्षा जवळ आलीय. काल तिनं सांकेतिक नात्यांचे दहा प्रश्न सोडवले, दहाही बरोबर आले. मी विचारलं, "आता चुकत कसं नाही गं?" तर म्हणाली, "आधी सगळी माणसं मांडते, आई. एकही सोडत नाही."