पंधरा महिन्यांनंतर आमच्या मुलांकडे कोण बघतं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बोलायला उशीर होणाऱ्या, पंधरा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या तपासणीबाबत

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम काय आहे हे आपल्याला सांगायला नको. 6 फेब्रुवारी 2013 रोजी त्याची सुरुवात आमच्या पालघरमधून झाली. कार्यक्रम अख्ख्या देशाचा, आणि सोनिया गांधी त्यासाठी इथे आल्या होत्या. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गटांतले तीस दोष जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधायचे आणि पुढचे उपचार मोफत द्यायचे, असं त्या दिवशी जाहीर झालं. भाषा उशिरा येणं त्या तिसांत आहे. ऐकू न येणं आहे, स्वमग्नताही आहे. म्हणजे मी मेहेरबानी मागत नाही. आपल्याच यादीतलं मागते आहे.

माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. तो मला 'आई' म्हणत नाही. तहान लागली की हात धरून माठाकडे ओढत नेतो. मला कळलं नाही की जमिनीवर डोकं आपटतो.

वर्षाचं मूल एखादा शब्द बोलतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल तर तपासणी करावी. दोन वर्षांचं मूल पन्नासेक शब्द बोलतं आणि 'बाबा आले', 'दूध दे' असे दोन शब्द जोडतं. हे मी शोधून काढलेलं नाही. कुठल्या महिन्यात मुलाने काय करायला हवं याची चित्रं सरकारच्या माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली असतात. आमच्याकडेही ते कार्ड आहे, त्यावर प्रत्येक लशीची तारीख आहे. लस टोचताना 'बाळ काय काय बोलतं?' असं एकाही माणसाने मला विचारलं नाही. मीच विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात.'

घरी सासूबाई वेखंड उगाळून चाटवत होत्या. डोंगरावरच्या चंडिकादेवीला नवस बोलून झाला. शेजारी म्हणाले, याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. कुणी मोबाइलला दोष दिला, कुणी माझ्या नोकरीला. कुणी म्हणालं, घरात आगरी, बिल्डिंगमध्ये हिंदी, पोर गोंधळतं. हे तर साफ खोटं आहे. वसईतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या घरी आगरी, वाडवळी, कादोडी बोलत आली आणि शाळेत मराठी शिकत आली. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. घरच्यांचा मला राग नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांचा आहे.

शेवटी खासगीत कान तपासले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं होतं. आम्ही दिवसभर त्याच्याशी बोलत होतो आणि त्याच्यापर्यंत अर्धंमुर्धंच पोचत होतं. कानांवर उपचार झाले, पण गेलेले महिने तसे परत येत नाहीत, त्यासाठी वाचा-उपचार लागतात. एका बैठकीचे 700 रुपये. आठवड्याला दोन बैठका, म्हणजे महिन्याचे 5,600. रिक्षाभाडं वेगळं. सकाळची लोकल पकडून नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या शेजारणीने हे कुठून आणायचे? तिची मुलगीही बोलत नाही. तिने महिन्याभरात उपचार सोडले.

आता आपल्या योजनांकडे बघा आणि आमची मुलं नेमकी कुठे निसटतात ते पाहा.

2018 पासून आशाताईंनी लहान बाळांच्या घरी भेटी द्यायच्या आहेत : तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. पाच भेटी झाल्या की थांबायचं. शब्द यायला लागतात त्याच सुमाराला दारावर येणारं माणूस बंद होतं. पुढे बाल स्वास्थ्याचं फिरतं पथक आहे, दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. सहा वर्षांपर्यंतची मुलं त्यांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायची. पण तीन वर्षांच्या आतलं मूल अंगणवाडीत बसायला येतच नाही. त्याच्या वाट्याचा आहार पाकिटात घरी जातो. पाकीट न्यायला आजी जाते, मूल पाळण्यात असतं. पथक ज्या दिवशी येईल त्या दिवशी ते मूल तिथे असायचं कसं?

ही झाली गावातली गोष्ट. आमचं जूचंद्र आता रांगोळी कलाकारांचं जुनं गाव एवढंच उरलेलं नाही. नायगाव पूर्वेला नुसत्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या इमारतींतली मुलं पाळणाघरात किंवा खासगी नर्सरीत जातात, त्यांचं नाव कुठल्याच अंगणवाडीत नसतं. पथकाने उद्या प्रत्येक अंगणवाडी चोख तपासली तरी ही मुलं त्याला दिसणार नाहीत. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती. त्यानंतर जनगणना झाली नाही, माणसं मात्र येत राहिली. एवढ्या वस्तीतलं पंधरा महिने ते तीन वर्षांचं मूल मोजणारं कुणी आहे का? आपण ज्या आकड्यांवर पथकं ठरवता त्यात माझ्या मुलाचा जन्मही झालेला नाही!

दोन वर्षांची होऊन न बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बोलतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी चिडले आहे. कुठलं मूल आपोआप बोलेल, कुणाच्या कानात पाणी आहे, कोण जन्मतः बहिरं आहे आणि कोण स्वमग्न, हे नुसतं बघून आईला कळत नाही, डॉक्टरलाही नाही. त्याला कानाची तपासणी लागते, मुलासोबत बसून खेळणारं शिकलेलं माणूस लागतं. जन्मतः बहिऱ्या मुलाला केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, पण पाच वर्षांच्या आत. 'थांबा, बोलेल' असं ऐकून चार वर्षं थांबलेल्या आईकडे किती महिने उरले?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 25 : धोक्यातली मुलं ओळखण्यासाठी प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी. 'प्रत्येक' म्हटलं आहे, अंगणवाडीत सापडेल ते असं नाही. हेच मी तपासणीसाठी केलेल्या अर्जात लिहिलं. ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याचं नाव इथे घेत नाही. पोच मिळाली, शिक्का मिळाला, उत्तर नाही. पाठपुरावा केला तेव्हा सांगण्यात आलं की मूल तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत घाला, मग बघू. तीन वर्षांपर्यंत मेंदू भाषेसाठी सर्वात तयार असतो आणि नेमकी तेवढीच वर्षं 'मग बघू'त घालवायची?

वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. जायला सांगतात. नायगावच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत अडीच वर्षांचं, आवाजाने बिथरणारं मूल कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा वांद्रे गाठून दाखवा म्हणावं सांगणाऱ्याला. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं तेच. आम्ही जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला राहतो.

माझी मागणी साधी आहे. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. चाळीतलं काय, टॉवरमधलं काय, मूल सुई टोचायला येतंच. त्याच टेबलावर आईला विचारा : हाक मारली की वळतं का, बोटाने दाखवतं का, शब्द किती, दोन शब्द जोडतं का. दोन मिनिटं लागतात. उत्तर 'नाही' असेल तर कानाच्या तपासणीची चिठ्ठी तिथेच, तारखेसह हातात द्या. लस खासगी दवाखान्यात घेतली असेल तर तिथेही हेच प्रश्न बंधनकारक करा. वसई तालुक्यात सरकारी वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातले ठरावीक दिवस बसेल अशी जागा करा. आणि दर वर्षी छापा, की तालुक्यात भाषेचा उशीर असलेली किती मुलं सापडली, त्यांतली तीन वर्षांच्या आतली किती, आणि उपचार किती जणांना मिळाले.

माझा मुलगा चार महिन्यांनी तीन वर्षांचा होईल, तुमच्या अंगणवाडीच्या वयात येईल. माझ्या शेजारणीची मुलगी एकवीस महिन्यांची आहे. तिची बूस्टरची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिला त्या टेबलावर कोण काय विचारणार, एवढं मला लेखी कळवा.

आपली,
एक आई
जूचंद्र, नायगाव (पूर्व), ता. वसई, जि. पालघर