एका ‘एस’वाचून दोन बोर्डांचे एक होते



पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यावा, ही चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. या विषयावरच्या इंग्रजी अर्जांत ‘पुणे अँड खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड’ असे एकवचन वाचायला मिळते. इंग्रजीत याचा सरळ अर्थ होतो, दोन्ही भागांचे मिळून एकच बोर्ड. प्रत्यक्षात ही दोन स्वतंत्र बोर्डे आहेत आणि देहूरोडचे तिसरे. म्हणून तेथे ‘बोर्ड्स’च हवे.

हा शुद्धलेखनाचा किरकोळ मुद्दा नाही. ‘पंजाब अँड हरियाणा हायकोर्ट’ असे एकवचन लिहितात, कारण दोन राज्यांना मिळून न्यायालय एकच आहे. ‘बॉम्बे अँड मद्रास हायकोर्ट्स’ असे अनेकवचन लिहितात, कारण न्यायालये दोन आहेत. दोन्हीकडे रचना तीच; संस्था एक की दोन, हे फक्त शेवटच्या ‘एस’वरून कळते.

आपली मुले येथे का अडखळतात, याचे कारण मराठीत आहे. आपण ‘पहिला आणि दुसरा मजला’ म्हणतो. ‘पहिला’ हे विशेषणच एकवचनी असल्याने पुढे ‘मजले’ येऊच शकत नाही. इंग्रजी ‘फर्स्ट’ मात्र वचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे संख्या सांगण्याचा भार नामावर पडतो आणि ‘द फर्स्ट अँड सेकंड फ्लोअर्स’ असे लिहावे लागते. मराठी माध्यमाचे मूल ‘फ्लोअर’ लिहिते तेव्हा ते आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असते. त्याला निष्काळजी ठरवून लाल रेघ ओढण्यापेक्षा हा फरक फळ्यावर मांडून दाखवायला हवा.

खडकीच्या मुलांसाठी उदाहरण घरचेच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकीची लढाई तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली. दुसरे युद्ध १८०३ ते १८०५, तिसरे १८१७ ते १८१९. या दोहोंविषयी एकत्र लिहायचे तर ‘द सेकंड अँड थर्ड अँग्लो-मराठा वॉर्स’ असे लिहावे. नाहीतर ‘द’ दोनदा घालून ‘द सेकंड अँड द थर्ड अँग्लो-मराठा वॉर’ असे लिहावे. दुसऱ्या रचनेत नाम एकवचनी असूनही युद्धे दोन आहेत हे स्पष्ट होते. पुढचे क्रियापद मात्र अनेकवचनीच राहते. अशा उत्तराचे गुण कापणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

याउलट ‘विशेषणे दोन, म्हणून नाम अनेकवचनी’ असे सूत्र घोकून घेणेही चूक. ‘अ रेड अँड व्हाइट फ्लॅग’ म्हणजे दोन रंगांचा एकच झेंडा. ‘अ रेड अँड अ व्हाइट फ्लॅग’ म्हणजे दोन वेगळे झेंडे. आधी वस्तू किती आहेत हे पाहायचे, मग वचन ठरवायचे. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात आर्टिकलच्या पुनरुक्तीचा हा नियम दिलेला आहे. पण तो आर्टिकलच्या धड्यातच राहतो आणि नामाच्या वचनाशी त्याची सांगड वर्गात क्वचितच घातली जाते.

‘अर्थ कळला ना, मग झाले’ असे यावर म्हटले जाते. बोलताना ते चालेल. इंग्रजी बोलणारेही गप्पांत येथे एकवचन वापरतात. युद्धांच्या बाबतीत वाचक इतिहासावरून अंदाज बांधेल. पण दोन बोर्डांच्या मिळकती, कर आणि कर्मचारी यांविषयीच्या कागदावर अंदाज कोणी आणि का बांधावा?

माझी शिक्षकांना आणि परीक्षकांना विनंती आहे : दोन्ही शुद्ध रचनांना पूर्ण गुण द्या आणि हा नियम मराठीशी तुलना करूनच शिकवा. इंग्रजी निवेदने लिहिणाऱ्या नागरिकांनीही सही करण्यापूर्वी आपण एका संस्थेविषयी लिहीत आहोत की दोन, हे नामावरून कळते का, एवढे तपासावे.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, खडकी, पुणे ३