समतोल कोणाचा?

मराठी समीक्षेने चित्रकलेकडून शब्द उसने घेतले. चित्रकारांचे बोलणे मात्र तिने कधी ऐकले नाही. घाट, पोत, अवकाश, आकृतिबंध हे शब्द कथेविषयी लिहिताना इतके सरावाचे झाले आहेत, की ते कोणत्या कामातून आले याचाच विसर पडावा. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली, त्यावर पुढे पुष्कळ खंडनमंडन झाले. परंतु समतोल प्रत्यक्षात साधतो कसा, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होते त्या रेखाटनकारांना या वादात कोणी साक्षीला बोलावले नाही. त्यांचे बोलणे ते कारागिरी, आणि समीक्षकाचे ते सौंदर्यशास्त्र, अशी ही सोयीची वाटणी आहे.

मासिकासाठी रेखाटन करणारे आपसांत काय बोलत? काळा कुठे टाकायचा, किती पांढरे राखायचे, आकृतीची नजर मजकुराकडे वळवायची की पानाबाहेर. जस्ताच्या लाइन ब्लॉकला करडी छटा छापता येत नाही. तिथे एक तर काळे, नाही तर कोरे. म्हणून सावली रेघांच्या दाटीतून उभी करावी लागे, आणि हलक्या कागदावर दाटी वाढली की शाई भरून सगळाच काळा डाग उठे. ही केवळ छापखान्यातली अडचण असे म्हणणाऱ्याने वृत्ताची मात्रा हीदेखील अडचणच मानावी.

याहून महत्त्वाचा मुद्दा पानाचा आहे. रेखाटनाच्या शेजारी खिळ्यांचा करडा स्तंभ उभा असतो. त्याचे वजन जमेस धरूनच चित्रकार आपली आकृती एका अंगाला झुकवतो. चौकटीपुरते पाहिले तर ती रचना कललेली दिसते, पानावर ती स्थिर असते. मग समतोल कोणाचा? चित्राचा, कथेचा की पानाचा? कलाकृती स्वायत्त असते असे मानणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न अडचणीचा आहे, आणि तो तिला पडलेलाच नाही.

वसंत सरवटे यांना ‘रेषालेखक’ म्हटले गेले ते कौतुकाने. त्या शब्दात दडलेला सिद्धान्त मात्र कोणी उलगडला नाही. ‘ठणठणपाळ’ म्हटल्यावर जयवंत दळवींच्या वाक्यांइतकीच सरवट्यांची आकृती आठवते. या सदराचे ‘लेखक’ किती, हा प्रश्न संहितेची चर्चा करणाऱ्यांनी तरी विचारायला हवा होता.

चित्रकारांचे सगळेच बोलणे प्रमाण मानावे असे नाही. तृतीयांशाचा नियम अनेकजण निसर्गनियमासारखा सांगतात. वस्तुतः जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज कोरीवकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांविषयी लिहिताना त्याला हे नाव दिले. असे तयार नियम घोकणारा चित्रकार आणि ‘समतोल’ घोकणारा समीक्षक यांच्यात फारसे अंतर नाही. पण कामाला बसलेला चित्रकार नियम मोडतो, आणि का मोडला हे सांगूही शकतो. ऐकायचे ते नेमके तिथे.

आज कथेचा अभ्यासक संग्रह हाती घेतो. मासिकात कथेबरोबर आलेले रेखाटन संग्रहात बहुधा गळालेले असते. प्रबंधात संदर्भ संग्रहाचा दिला जातो, आणि ज्या पानावर कथा प्रथम वाचली गेली ते पान जुन्या ग्रंथालयांच्या बांधीव खंडांत तसेच राहते.