चपलेसोबत एक कागदही ठेवा

आजोबांची कोल्हापुरी घरात असेल तर तिला तेलाने चोपडू नका. जादा तेलाने चामडं काळवंडतं, चिकटपणावर धूळ बसते. मऊ ब्रशने झटका, ऊन आणि ओल टाळा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका.

२०२५ साली प्राडाने मिलानमध्ये तशीच चप्पल सुरुवातीला श्रेय न देता दाखवली, तेव्हा 'आमचा वारसा' म्हणून सगळेच ओरडले. वारसा तुमचा, तर चुन्यात, बाभळीच्या सालीत हात घालून कातडं कमावणाऱ्यांचा विटाळ कुणाला होत होता? जातीने लादलेला हा धंदा पोरांनी करावा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चपलेसोबत कागद ठेवा : कुणी शिवली, कातडं कुणी कमावलं, मजुरी काय मिळाली. आजी आहे तोवर विचारून घ्या.