मुसळीचे मूळ आणि अर्धवट माहिती



सूर्यमाळच्या जंगलातील सफेद मुसळीच्या मुळांपासून अन्नोद्योगासाठी नैसर्गिक इमल्सिफायर काढावा, ही आपल्या अंकातील लेखाची सूचना अर्धवट माहितीवर उभी आहे. मुसळीत सॅपोनिन असते, इतके खरे. त्या रेणूची एक बाजू पाण्याशी जुळते, दुसरी तेलाशी, म्हणून तेल-पाणी एकजीव राहते. पण लेखाने आधारासाठी पुढे केलेला क्विलाया हे मूळच नव्हे. तो चिलीतील झाडाच्या सालीचा व लाकडाचा अर्क. मुळाचाच दाखला हवा, तर तुर्कस्तानात हलव्यासाठी चोवेन या वनस्पतीच्या मुळांचा काढा घुसळतात. तोही बेताने, कारण सॅपोनिन कडू असते आणि जास्त झाले तर पोटाला बाधते.

रासायनिक पदार्थांना पर्याय नको का, असे कोणी विचारेल. पर्याय केव्हाचा हाताशी आहे. सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात मिळणारे लेसिथिन चॉकलेट-बिस्किटांत सर्रास वापरतात. मुसळीचे मूळ खणले की रोपच जाते, आणि पावसाच्या तोंडावर जव्हार-मोखाड्यात शिजणारी तिच्या कोवळ्या पानांची भाजीही. १९५५ मध्ये बोरिवलीच्या नावाने शास्त्रात नोंदलेली ही जात अतिखोदाईने आधीच विरळ झाली आहे. लागवड करू म्हणणाऱ्यांनी बाजारात शेतातले मूळ आणि जंगलातले मूळ वेगळे कसे ओळखणार, ते आधी सांगावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता आणि या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना आदिवासींना खणायला लावणारा सल्ला छापू नये, ही विनंती.

– एक वाचक, मोखाडा