पाठपिशवीत आणखी काय घ्यावे?

सुटीत मुलाबाळांसह डोंगरावर एक-दोन रात्री मुक्काम करण्याचा आपला बेत असेल, तर अंथरूण-पांघरूण, शिधा व पाणी यांची यादी एव्हाना झालीच असेल. प्रश्न उरतो तो जादा वस्तूंचा. घडीच्या खुर्च्यांपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत बाजारात सर्व काही मिळते. पण चढणीवर अर्धा किलो ओझेही जाणवते. म्हणून प्रत्येक वस्तूबद्दल एवढेच विचारावे, की आपल्यापैकी कोणी वाट चुकला, भिजला अथवा अंधारात अडकला, तर ती कामी येईल काय?

या कसोटीवर पहिला मान साध्या शिट्टीचा. धुक्यात हाक फार दूर जात नाही आणि घाबरलेल्या मुलाचा घसा ओरडून लवकरच बसतो. गिर्यारोहकांचा संकेत असा: मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मिनिटभर थांबावे, पुन्हा सहा वेळा वाजवावी. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यावे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकेक शिट्टी घालून हा संकेत घरीच पाठ करून घ्यावा. चार दिवस शेजाऱ्यांना त्रास होईल, त्यास इलाज नाही! वाट चुकल्याचे ध्यानात येताच जागच्या जागी थांबावे आणि मग शिट्टी वाजवावी, हेही मुलांना बजावावे.

कपाळावर बांधावयाची विजेरी घ्यावी. दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये. थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते, आणि मदत मागावयास तोच लागतो.

उंचीबरोबर थंडी किती वाढते, याचा अंदाज अनेकांना नसतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. पश्चिम बंगालमधील संदकफू ३,६३६ मीटर उंच, म्हणजे दार्जिलिंगहून सुमारे १,६०० मीटर वर. तेथे दहा अंशांचा फरक धरूनच चालावे. भिजलेले सुती कापड अंगातील ऊब ओढून घेते, लोकर मात्र ओली झाली तरी बरीच ऊब राखते. तेव्हा लोकरीचा एक जादा सदरा व मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावेत, आणि मुक्कामावर पोहोचेपर्यंत त्यांना हात लावू नये.

कुऱ्हाड घरीच ठेवावी. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यांत लाकूडतोडीस मनाई आहे. चहासाठी लहानसा स्टोव्ह पुरतो.