विकत न मिळणारा प्रकल्प

शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की विद्यार्थ्यांपेक्षा पालकांचीच धावपळ अधिक सुरू होते. ज्वालामुखीची प्रतिकृती, सूर्यमालेचा देखावा, पवनचक्की असे तयार प्रकल्प आता शहरांतील दुकानांतून सर्रास मिळतात. जे विकत आणले जात नाहीत, त्यांतील अनेकांवर वडीलधाऱ्यांचा हात फिरलेला असतो. पाठ केलेली चार वाक्ये परीक्षकांसमोर म्हणून मूल प्रशस्तिपत्र घेऊन घरी येते. या साऱ्या खटाटोपात विज्ञान नेमके कोठे असते?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील जुन्या व्यंगचित्रांत सापडते. रूब गोल्डबर्ग (१८८३-१९७०) हे शिक्षणाने अभियंता. १९०४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणी व मलनिस्सारण विभागात नोकरी धरली. पण लवकरच ती सोडून ते वृत्तपत्रांकडे वळले. सूप पिताना मिशा पुसण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी पोपट, बादली, अग्निबाण आणि लंबक यांना एकामागोमाग कामाला लावणारी त्यांची यंत्रे घरोघरी पोहोचली. मराठीत ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात, त्याचीच ती चित्रे. मात्र थट्टेतून शिक्षण उभे राहिले. १९४९ साली पर्ड्यू विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अशी यंत्रे प्रत्यक्ष बांधण्याची स्पर्धा सुरू केली. मध्यंतरी खंड पडूनही १९८८ पासून ती राष्ट्रीय पातळीवर होऊ लागली.

असे साखळी-यंत्र आपल्या शाळेतही सहज उभारता येते. एक छोटी घंटा वाजवायची, एवढेच काम ठरवावे. पुठ्ठ्याच्या उतारावरून सोडलेली गोटी लाकडी ठोकळ्यांची रांग पाडते. शेवटचा ठोकळा टेकूवर ठेवलेल्या पट्टीच्या वर उचललेल्या टोकावर पडतो. पट्टीचे दुसरे टोक वर जाऊन दोरा अडवणारी खुंटी सोडवते आणि दोऱ्याच्या रिळावरून लोंबणारी वाळूची डबी खाली येताना घंटा ओढते. उतार, टक्कर, तरफ, कप्पी असे पाठ्यपुस्तकातील धडे येथे एकमेकांच्या हाती हात देतात. आखणी मात्र घंटेपासून उलटी करत यावी. घंटा वाजण्यासाठी किती वजन हवे हे कळल्याशिवाय डबी ठरत नाही आणि डबी ठरल्याशिवाय खुंटी ठरत नाही.

येथेच विद्यार्थ्याला एक मोठी गोष्ट उमगते. पहिली गोटी शेवटची घंटा वाजवत नाही. घंटा वाजवते ती डबी उंचावर टांगताना मुलाच्या हातांनी तिच्यात साठवलेली स्थितिज ऊर्जा. प्रत्येक टप्पा फक्त पुढच्याला मोकळे करतो.

दुसरा धडा गणिताचा आहे. यंत्राचे दहा टप्पे असतील आणि प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा बिनचूक चालत असेल, तर एकूण यंत्र शंभरांतून किती वेळा चालेल? नव्वद वेळा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ते जेमतेम ३५ वेळा चालते. टप्प्याची खात्री शंभरात ९९ झाली, तर मात्र संपूर्ण यंत्र सुमारे ९० वेळा चालते. एका कच्च्या दुव्याची किंमत साऱ्या साखळीला कशी मोजावी लागते, हे असे आकड्यांत दिसते. म्हणूनच हा प्रकल्प विकत घेऊन भागत नाही. तो पुन्हा पुन्हा पडतो आणि पुन्हा पुन्हा उभा करावा लागतो.

अग्निबाण हीदेखील अशीच एक साखळी असते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या एसएलव्ही-३ या यानाचा पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि यान समुद्रात कोसळले. प्रकल्प संचालक डॉ. अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर जबाबदारी मात्र इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी स्वतःवर घेतली. दोष शोधला गेला, दूर केला गेला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच मालिकेतील यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. या वेळी पत्रकारांना सामोरे जाण्यास धवन यांनी कलामांना पुढे केले. अपयशाचा अर्थ लावणारी माणसे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे वडीलधारे, या दोहोंमुळेच ते वर्ष सार्थकी लागले.

आपल्या शाळांत नेमके याच्या उलट घडते. परीक्षक येतात, मूल बटण दाबते, दिवा लागला तर गुण, न लागला तर शून्य. अशा पद्धतीत पालकाने तयार प्रकल्प आणून देणे हे व्यवहाराला धरूनच ठरते. तेव्हा दोष एकट्या पालकांचा नाही, मोजमापाचाही आहे. यंत्राबरोबर एक साधी वही मागावी. कोणत्या दिवशी काय पडले, का पडले, मग काय बदलले, एवढेच तीत असावे आणि निम्मे गुण त्या वहीला द्यावेत. अशी वही कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. ठोकळ्यांची रांग मध्येच थांबली की हात पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ती रांग का थांबली, हे मुलाला स्वतः शोधू द्यावे. उद्या देशाला लागणारे अभियंते अशा थांबलेल्या रांगेपाशी बसूनच घडणार आहेत.